डिशवर मराठी चॅनल कुठे गेलं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

डीटीएचवरच्या मराठी चॅनलांबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले सारखेसारखे एकत्र करून इथे घेतलेत. आधीच एक गोष्ट सांगतो. दहातल्या आठ तक्रारींमध्ये चॅनल तुमच्या डिशपर्यंत व्यवस्थित पोचत असतं, फक्त तुमच्या खात्यावर ते चालू केलेलं नसतं. म्हणून डिश हलवायच्या आधी खातं उघडून बघा.

परळहून एक ताई विचारतात: रिचार्ज संपलं होतं म्हणून मुलाने ऑनलाइन नवीन पॅक टाकला, आता तीनशेच्या वर चॅनल दिसतात पण झी मराठी आणि स्टार प्रवाह दोन्ही गायब. सासूबाईंच्या मालिका बंद पडल्यात. कस्टमर केअरवाला म्हणतो अजून मोठा पॅक घ्या. घ्यावा का?

ताई, अजिबात घेऊ नका. मुलाने बहुतेक हिंदीचा पॅक टाकलाय. ॲपमध्ये पहिले तेच दिसतात आणि मराठी पॅक शोधायला खाली जावं लागतं, त्यामुळे हे मुंबईत घराघरात होतं.

आता नियम नीट समजून घ्या कारण पैसे तुमचे आहेत. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे टीव्ही-टेलिफोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेची, नवीन पद्धत लागू झाली. तेव्हापासून प्रत्येक पे चॅनलची (पैसे भरून बघायच्या चॅनलची) सुटी किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहकाने मागितलं तर ते चॅनल एकटं द्यावंच लागतं, पॅकच घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही. तुमच्या बिलात दोन भाग असतात. एक नेटवर्कचं भाडं, ज्याला एनसीएफ म्हणतात, आणि दुसरा चॅनलचे पैसे. दोन्हीवर १८ टक्के जीएसटी. एनसीएफ आधी १३० रुपयांवर बांधलेला होता, २०१९ मध्ये त्यात १०० चॅनल यायची, नंतर २०० झाली, पण जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादाच काढली. आता कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना नुसता पॅकचा आकडा बघू नका, एनसीएफ किती धरलाय ते आधी विचारा.

तीनशे चॅनलचा आकडा बघून भुलायचं कारण नाही, त्यात ढीगभर फ्री टू एअर चॅनल असतात ज्यांचे वेगळे पैसे लागतच नाहीत. सासूबाईंना नेमकं काय लागतं ते कागदावर लिहा. समजा झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी आणि सिनेमासाठी झी टॉकीज. या पाचांच्या सुट्या किमतींची बेरीज करा आणि मग कंपनीचा सगळ्यात लहान मराठी पॅक त्याच्या शेजारी ठेवा. पॅकमध्ये घालायच्या चॅनलची किंमत १९ रुपयांच्या वर असून चालत नाही आणि पॅकवर सुट्या बेरजेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच सूट देता येते, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरलेले नियम. त्यामुळे चार-पाच चॅनल लागत असतील तर मराठी पॅक बऱ्याचदा स्वस्त पडतो, आणि दोनच लागत असतील तर सुटी घेतलेली बरी.

अजून एक, एचडी आणि साधं ही दोन वेगळी चॅनल धरतात आणि दोघांचे पैसे वेगळे लागतात. स्टार प्रवाह एचडी घेतलं असेल तर साधं स्टार प्रवाह यादीतून काढून टाका, लोक वर्षभर दोन्ही भरत बसतात. आणि टीव्ही किंवा बॉक्स एचडीचा नसेल तर एचडी घेऊन काहीच उपयोग नाही. फोनवरचा माणूस सुटं चॅनल देत नाही म्हणाला तर तक्रार नंबर मागा आणि मग कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे जा, त्याचा पत्ता वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही म्हणून थेट तिकडे लिहून वेळ घालवू नका.

गिरगावातून एक काका: आमच्या चाळीसमोर रिडेव्हलपमेंटचा टॉवर उभा राहिला आणि गॅलरीतल्या डिशवर सिग्नल येईनासा झाला. टेक्निशियन म्हणतो काही होणार नाही. खरंच काही होणार नाही का?

काका, हा आत्ताच्या मुंबईचा खरा प्रश्न आहे आणि यावर कोणी नीट बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६,००० किलोमीटरवर एका जागी थांबलेले असतात आणि आपल्याकडच्या डीटीएचवाल्यांचे सगळे मुंबईच्या पूर्वेला आहेत. टाटा प्ले ८३ अंश पूर्वेला, डीटूएच ८८ ला, डीडी फ्री डिश (दूरदर्शनची बिनभाड्याची डिश) आणि सन डायरेक्ट ९३.५ ला, डिश टीव्ही ९५ ला आणि एअरटेल १०८.२ ला. म्हणजे मुंबईतून कुठलीही कंपनी घ्या, डिशचं तोंड आग्नेयेकडेच होणार. ज्यांच्या खिडक्या फक्त समुद्राकडे, पश्चिमेला आहेत त्यांना खिडकीतून सिग्नल मिळणारच नाही, तिथे गच्चीशिवाय पर्याय नाही.

पण आग्नेय सगळ्यांची सारखी नाही. मोबाईलचा कंपास उघडा. टाटा प्लेसाठी मुंबईतून साधारण १५१ अंशांवर बघायचं आणि जमिनीपासून ६५ अंश वर. फ्री डिशसाठी १३१ अंश आणि ५७ अंश वर. एअरटेलसाठी ११५ अंश आणि फक्त ४४ अंश वर. याचा अर्थ असा की टॉवर डिशपासून ३० मीटरवर बरोबर त्या दिशेला असेल तर एअरटेल अडवायला डिशच्या वर २९ मीटर उंची पुरते, टाटा प्ले अडवायला मात्र ६४ मीटर लागते. म्हणजे एक कंपनी बंद पडली म्हणून दुसरीही पडेल असं अजिबात नाही, आणि टेक्निशियन आपल्याच कंपनीचं बोलत असतो हे लक्षात घ्या. नुसती डिश बघून अंदाज करू नका, ती ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे समोर बघतेय असं वाटतं पण प्रत्यक्षात वीसेक अंश आणखी वर बघत असते.

खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि १ ऑक्टोबरच्या आसपास सूर्य मुंबईतून बघताना बरोबर या उपग्रहांच्या मागून जातो. एअरटेलच्या मागून सकाळी दहाच्या सुमारास, फ्री डिशच्या अकराच्या, टाटा प्लेच्या बाराच्या. त्या वेळी डिश बसवायच्या जागेवर ऊन पडलं तर समजायचं की मधे काही नाही, सावली पडली तर तिथे पैसे घालवायचे नाहीत. (याच दिवसांत काही मिनिटं चित्र तुटतं ते त्यामुळेच, बॉक्स बिघडलेला नसतो.)

काहीच जमत नसेल तर गच्ची. चाळ कमिटीला किंवा सोसायटीला लेखी पत्र द्या आणि एकट्याने देऊ नका, चार-सहा भाडेकरू मिळून द्या, कारण एकाच डिशवर मल्टीस्विच लावून बऱ्याच घरांना वायर देता येते. गच्चीवर पंधरा डिशा आणि भिंतीवर वायरींचं जाळं याला कमिटीचा विरोध असतो आणि तो रास्त आहे. एक डिश, एक पाइप, नीट क्लिपा मारलेली वायर म्हटलं की बहुतेक कमिट्या ऐकतात. टॉवरवाल्यांनी आपलं आकाश घेतलं हे दुखतंच, पण म्हणून आजोबांच्या बातम्या बंद व्हायला नकोत.

भांडुपहून: पाऊस आला की डिश बंद, केबल मात्र चालू. असं का?

डीटीएच केयू बँडवर चालतं, ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि जोरदार पावसाचे थेंब हा सिग्नल शोषतात आणि विखुरतात. केबलवाल्याकडे मोठ्या डिशा असतात आणि तो बरीचशी चॅनल सी बँडवर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर, घेतो, तिथे पावसाचा त्रास फार कमी. जुलैच्या मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं गेलं तर ठीक आहे. पण नुसत्या भुरभुरीत जात असेल तर डिश हललेली आहे किंवा एलएनबीच्या (डिशसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल घेणारा डबा) कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने नटबोल्ट लवकर गंजतात, त्यामुळे मे महिन्यात एकदा ते घट्ट करून कनेक्टर बदलून टेप मारून घ्या.

लालबागहून एक दादा: आई-वडील मालवणजवळ गावी असतात. महिन्याचं रिचार्ज परवडत नाही आणि त्यांना जमतही नाही. फ्री डिश लावली तर मराठी काय दिसेल? की आमच्याकडचा जादा बॉक्स नेऊन लावू?

दादा, फ्री डिश लावा, पण काय मिळेल आणि काय नाही ते आधी आई-बाबांना सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही.

डीडी फ्री डिश प्रसार भारतीची, डिसेंबर २००४ पासून चालू आहे, महिन्याचं भाडं शून्य. डिश, बॉक्स, वायर मिळून एकदाच दोनेक हजारांचा खर्च. डीडी सह्याद्री त्यावर असतंच, आणि मला विचाराल तर सह्याद्री ही आपली हक्काची वाहिनी आहे, वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरं. शेती, नाटक, गाणं, बातम्या हे सगळं एक पैसा न मागता घरात येतं, तरी लोक लावून बघत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

खासगी चॅनलांचं वेगळं आहे. तिथे जागेचा लिलाव होतो, जो बोली जिंकतो तो दिसतो, मुदत संपली की यादी बदलते, मोठे बदल साधारण १ एप्रिलच्या आसपास होतात. शेमारू मराठीबाणा, फक्त मराठी अशी चॅनल फ्री डिशवर आलेली आहेत, पण आज कुठली आहेत ते बॉक्स घेताना दुकानात चालू टीव्हीवर बघा. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी मात्र तिथे धरू नका, ती पे चॅनल आहेत, पैसे भरणाऱ्या ग्राहकांवर चालतात, फुकट दिली तर कोण भरेल. दुकानदार ती लावून देतो म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

बॉक्स घेताना एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवीन पद्धत) चाच घ्या. जुने एमपीईजी-२ वाले स्वस्त मिळतात पण त्यावर यादीतली बरीच चॅनल दिसत नाहीत. आणि गावाकडे झाडं वाढतात हो, आज माडाच्या मधून दिसणारं आकाश दोन पावसाळ्यांनी बंद होतं, तेव्हा जागा मोकळी निवडा.

तुमचा जादा बॉक्स नेण्याबद्दल. सिग्नल मालवणलाही तोच मिळतो, उपग्रहाचा झोत अख्ख्या देशावर असतो, पण कनेक्शन तुमच्या मुंबईच्या पत्त्यावर आहे. कंपनीला कळवून रिलोकेशन, म्हणजे पत्त्याची बदली, करून घ्या, गुपचूप नेऊ नका, बंद पडलं तर गावात टेक्निशियन येणार नाही.

माटुंग्याहून: सूनबाई तमिळ आहेत. मुंबईत तमिळ चॅनल डिशवर मिळतील का, की चेन्नईचं कनेक्शन लागतं?

मिळतील, वेगळं कनेक्शन लागत नाही. डीटीएचचं हेच तर चांगलं आहे, एका कंपनीचं जे चॅनल चेन्नईत दिसतं तेच मुंबईत दिसतं, केबलवाल्यासारखं एरियावर अवलंबून नसतं. मराठी पॅक ठेवा आणि तिला हवी ती दोन-तीन तमिळ चॅनल सुटी जोडा. डीडी तमिळ, जे आधी डीडी पोधिगई होतं, त्याला पैसे लागत नाहीत. सूनबाईंनाच यादी करायला सांगा, आपण अंदाजाने घेऊ नका.

घाटकोपरहून: कंपनी बदलायची आहे, जुना बॉक्स चालेल का?

नाही. प्रत्येक कंपनीचं कार्ड आणि लॉक वेगळं असतं. सगळीकडे चालणारा बॉक्स असावा अशी शिफारस ट्रायने २०२० मध्येच केली होती पण घरातला जुना बॉक्स आजही दुसरीकडे चालत नाही. डिशची थाळी आणि वायर मात्र चांगली असेल तर टेक्निशियनला तीच वापरायला सांगा, तोंड नवीन उपग्रहाकडे फिरवावं लागेल. एलएनबी चालेल का ते तो मीटर लावून सांगेल.

ठाण्याहून: पैसे भरलेले आहेत, काल रात्रीपर्यंत चॅनल होतं, आज त्या जागी नुसती पट्टी. आमच्याकडे केबल आहे. आमची काय चूक?

तुमची काहीच चूक नाही. चॅनलवाले आणि वितरक यांचा दराचा करार अडला की असं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये असंच झालं, नव्या दरांवर सही केली नाही म्हणून स्टार, झी आणि सोनीने बऱ्याच केबल कंपन्यांची चॅनल काही दिवस बंद ठेवली होती. अशा वेळी घाईने कंपनी बदलू नका, आठवडाभर थांबा, बहुतेकदा मिटतं. तोवर मालिका फोनवर बघता येईल, झी मराठी झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सह्याद्री प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर. आणि ज्या दिवसांत चॅनल दिसलं नाही त्या दिवसांचे पैसे खात्यात परत मागा, फोनवर मागू नका, ईमेल करा, म्हणजे पुढे नोडल ऑफिसरकडे जाताना हातात कागद असेल.