महायुद्धात हॉलिवूडचे नट खरंच लढले, की गणवेशात फोटोच काढले?

तुमचा प्रश्न असा की, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलेल्या हॉलिवूडच्या नटांपैकी प्रत्यक्ष लढले कोण, जेम्स स्टुअर्टच्या 20 बाँबफेकी मोहिमा ही स्टुडिओची जाहिरात होती का, आणि अशा दाव्यांची खात्री कशी करायची.

स्टुअर्टच्या मोहिमा खऱ्या आहेत. मात्र अशा बाबतीत हुद्दा आणि पदकं शेवटी बघावीत. आधी बघायचं ते माणूस कुठल्या तुकडीत होता आणि तिथे त्याच्याकडे काम काय होतं.

स्टुअर्ट सैन्यात गेला तो 22 मार्च 1941 रोजी, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या आठ-नऊ महिने आधी. ऑस्कर मिळून महिनाही झाला नव्हता. त्याआधी एकदा वजन भरत नाही म्हणून त्याला परत पाठवलं होतं. उंची सहा फूट तीन इंच, आणि वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा पाच पौंड कमी. विमानाचे धडेही सैन्यात गिरवले असं नाही. खाजगी परवाना 1935 मध्ये, व्यावसायिक परवाना 1938 मध्ये. एव्हिएशन कॅडेट (वैमानिक अधिकारी होण्यासाठीचा प्रशिक्षणार्थी) व्हायला वयाची अट 26 होती आणि हा 32 चा, त्यामुळे तो भरती झाला साधा शिपाई म्हणून. प्रिन्स्टनची पदवी आणि व्यावसायिक परवाना यांच्या जोरावर जानेवारी 1942 मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला.

पुढचं दीड वर्षाहून जास्त तो शिकवण्यात अडकला. आयडाहोतल्या बॉइझी इथे बी-17 बाँबफेकी विमानांवर नव्या वैमानिकांना तयार करत होता. वरिष्ठांना हा मोठा नट आघाडीवर मारला जायला नको होता, त्यामुळे त्याला बाहेर पाठवायला कुणी राजी नव्हतं. शेवटी 1943 मध्ये त्याला 445 व्या बाँबर्डमेंट ग्रुपमध्ये (बाँबफेकी विमानांची मोठी तुकडी) घेतलं आणि त्यातल्या 703 व्या स्क्वाड्रनची जबाबदारी दिली. हा ग्रुप बी-24 लिबरेटर विमानं घेऊन नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या टिबनम तळावर गेला. स्टुअर्टची पहिली मोहीम 13 डिसेंबर 1943 ची, जर्मनीतल्या कील बंदरावर.

आता 20 या आकड्याबद्दल. विमानातल्या साध्या कर्मचाऱ्याचा 'टूर' (म्हणजे सुटी मिळण्याआधी पुऱ्या करायच्या मोहिमांचा ठरलेला आकडा) आधी 25 मोहिमांचा होता, 1944 मध्ये तो 30 आणि नंतर 35 झाला. म्हणून काहीजण म्हणतात, 20 म्हणजे टूरसुद्धा पुरा नाही. ही तुलना चुकीची आहे. स्क्वाड्रन कमांडर रोज उडत नसे, आळीपाळीने जाई, आणि गेला की बहुधा सगळ्यांच्या पुढे असलेल्या विमानात, उजव्या सीटवर, 'कमांड पायलट' म्हणून. मार्च 1944 अखेर स्टुअर्ट ओल्ड बकनम तळावरच्या 453 व्या ग्रुपचा ऑपरेशन्स ऑफिसर झाला. त्या पदावरच्या माणसाचं काम म्हणजे मोहिमेची आखणी आणि पहाटेचं ब्रीफिंग. उडण्याची सक्ती नव्हती, तरी तो अधूनमधून जात राहिला.

पुढच्या विमानात बसणं एवढं जोखमीचं का, हे कळायला बी-24 ची मोहीम कशी चालायची ते बघावं लागेल. विमानात साधारण दहा माणसं आणि चार इंजिनं, प्रत्येकी 1200 अश्वशक्तीची. धावपट्टीवरून विमानं अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने सुटायची आणि इंग्लंडच्या ढगांमधून वर येऊन एकत्र जुळायची. जुळणीलाच तासाच्या वर जाई. कोणत्या ग्रुपच्या मागे लागायचं हे ओळखू यावं म्हणून प्रत्येक ग्रुप एक जुनं विमान भडक पट्टे किंवा ठिपके रंगवून वर पाठवी. जुळणी झाली की ते परत फिरे.

वीस हजार फुटांच्या वर विमानाच्या आत उणे 30-40 अंश तापमान, आणि केबिन हवाबंद नाही. विजेवर तापणारे सूट होते, पण वायर तुटली की बोटं आणि पाय गारठून निकामी व्हायचे. त्याहून घातक ऑक्सिजन मास्क. श्वासातली वाफ मास्कमध्ये आणि नळीत गोठते आणि हवा येणं बंद होतं. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, उलट बरं वाटतं, आणि तो बेशुद्ध पडतो. म्हणून तोफची (विमानातल्या मशीनगन चालवणारे) मास्कची नळी हाताने दाबून बर्फ फोडत राहायचे आणि दर थोड्या मिनिटांनी इंटरकॉमवर एकेकाची हजेरी घेतली जायची. उत्तर नाही आलं की कुणीतरी ऑक्सिजनची फिरती बाटली घेऊन त्याच्याकडे धावायचं. मधल्या बाँबकप्प्यातून जाताना पायाखाली जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी असे.

लक्ष्याच्या आधी 'इनिशियल पॉइंट' नावाचं एक ठरलेलं ठिकाण यायचं. तिथून बाँब सुटेपर्यंत विमान सरळ आणि एकाच उंचीवर ठेवावं लागे, कारण पुढच्या विमानातला नॉर्डन बाँबसाइट (बाँबचा नेम धरण्याचं यंत्र) स्थिर उड्डाणावरच नीट हिशेब करतो. बाकीची विमानं स्वतंत्र नेम धरत नसत. पुढच्याचे बाँब सुटलेले दिसले की आपले सोडायचे. म्हणजे पुढच्याचा नेम चुकला तर सगळ्या ग्रुपचे बाँब शेतात. खालच्या विमानविरोधी तोफांनाही हीच काही मिनिटं सोयीची. त्यात बी-24 च्या लांब, अरुंद पंखांमुळे जास्त उंचीवर ते जड हाताने चालवावं लागे आणि फळी (एकत्र उडणाऱ्या विमानांची रचना) घट्ट ठेवणं अवघड जाई. फळी विसकटली की जर्मन लढाऊ विमानं सुट्या पडलेल्यावर तुटून पडायची.

हे लक्षात घेऊन 7 जानेवारी 1944 ची लुडविग्सहाफेनची मोहीम बघा. परतताना पुढे असलेला 389 वा ग्रुप भलत्याच दिशेने वळला. स्टुअर्टने रेडिओवरून सांगून पाहिलं, पुढच्याने ऐकलं नाही. आपला ग्रुप घेऊन योग्य मार्गाने निघून जाणं त्याला शक्य होतं. पण मग दोन्ही ग्रुप एकटे पडले असते आणि दोघांच्या मशीनगनांचा एकमेकांना आधार राहिला नसता. मार्ग चुकतोय हे माहीत असून तो त्यांच्या मागोमाग गेला. फ्रान्सवर लढाऊ विमानांनी गाठलंच. नंतर 389 व्या ग्रुपच्या प्रमुखाने स्टुअर्टच्या या निर्णयाची लेखी प्रशंसा केली. मला विचाराल तर त्याच्या पदकांपेक्षा हा कागद जास्त बोलका आहे.

20 फेब्रुवारीच्या ब्राउनश्वाइगच्या मोहिमेसाठी त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळालं. पाच दिवसांनी फ्युर्टवरून येताना तोफेचा गोळा कॉकपिटच्या खाली फुटला आणि त्याच्या पायाशी भोक पडलं. विमान टिबनमला उतरलं, पण उतरताना त्याचा सांगाडा तडकला. मार्च 1945 मध्ये तो कर्नल झाला, 1959 मध्ये राखीव दलात ब्रिगेडियर जनरल, आणि 1966 मध्ये व्हिएतनामवर एका बी-52 मध्ये निरीक्षक म्हणून बसून गेला.

जाता जाता, हेच लिबरेटर आपल्या वायुदलाकडेही होते. कानपूरला टाकून दिलेली विमानं बंगळुरूच्या एचएएलने दुरुस्त केली, आणि पुण्याच्या 6 नंबर स्क्वाड्रनने ती 1968 पर्यंत वापरली.

क्लार्क गेबलचं प्रकरण वेगळं. युद्धरोख्यांच्या प्रचारावरून परतताना बायको कॅरोल लोम्बार्ड जानेवारी 1942 मध्ये विमान अपघातात गेली, आणि ऑगस्टमध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी, तो भरती झाला. त्याला दिलेलं काम होतं विमानातल्या तोफचींवर भरतीसाठी फिल्म काढणं. म्हणजे प्रसिद्धीचंच काम. पण ते करायला तो पोलब्रुकच्या 351 व्या ग्रुपबरोबर बी-17 मधून पाच मोहिमांवर गेला, आणि तिथे गोळे नट-बिट बघून फुटत नव्हते. तेव्हा 'फोटोपुरता' म्हणणं अन्याय होईल, आणि स्टुअर्टच्या पंक्तीला बसवणंही बरोबर नाही. 1944 मध्ये त्याच्या सैन्यातून सुटकेच्या कागदांवर सही करणारा कॅप्टन होता रोनाल्ड रेगन. रेगनची नजर अधू, म्हणून तो कॅलिफोर्नियात प्रशिक्षणाच्या फिल्म काढणाऱ्या युनिटमध्येच राहिला.

बाकीच्यांत एडी अल्बर्टचं नाव फार कमी घेतलं जातं. नोव्हेंबर 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर पाणी ओसरलेलं असल्याने उतरण्याच्या बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडल्या आणि मरीन सैनिकांना शेकडो यार्ड पाण्यातून, मशीनगनच्या माऱ्यात चालत जावं लागलं. अल्बर्ट नौदलाची बोट घेऊन पुन्हा पुन्हा आत गेला आणि अडकलेले जखमी काढले. स्टर्लिंग हेडन 'जॉन हॅमिल्टन' या नावाने ओएसएसमध्ये (अमेरिकेची युद्धकाळातली गुप्तहेर संघटना) होता आणि इटलीहून एड्रियाटिक समुद्र पार करून जर्मनांशी लढणाऱ्या युगोस्लाव्ह पार्टिझनांना माल पोचवत होता. डेव्हिड निव्हन मुळात सँडहर्स्टचा, म्हणजे ब्रिटिश लष्करी अकादमीत शिकलेला. तो युद्ध सुरू झाल्यावर हॉलिवूड सोडून ब्रिटनला परतला. उलट जॉन वेनला भरतीतून सूट मिळत गेली. तो आघाडीजवळ गेला तो सैनिकांच्या करमणुकीसाठी.

व्हॉट्सॲपवर फिरणारी ली मार्व्हिनची गोष्ट मात्र सोडून द्या. त्यात तो इवो जिमावर लढला आणि त्याला नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालं असं असतं. मार्व्हिन मरीन होता आणि जून 1944 मध्ये सायपानला जखमी झाला, जखमी सैनिकांना दिलं जाणारं पर्पल हार्टही मिळालं. इवो जिमाची लढाई झाली फेब्रुवारी 1945 मध्ये, तेव्हा तो जखमेवर उपचार घेत होता. आणि तोवर तो नट झालाच नव्हता. ऑडी मर्फीचंही तेच: आधी सैनिक, मग नट. 'नट असून गेला' आणि 'सैनिक होता, मग नट झाला' या दोन याद्या लोक सर्रास एकत्र करतात.

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते, ती मानद हुद्द्याची. टेरिटोरियल आर्मीचा मानद हुद्दा हा सन्मान आहे, त्यावरून युद्धातली सेवा ठरत नाही. नाना पाटेकरांचं प्रकरण थोडं वेगळं. 'प्रहार'साठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीकडे प्रशिक्षण घेतलं होतं, आणि 1999 मध्ये कारगिलच्या वेळी ते टेरिटोरियल आर्मीतून खरोखर तिकडे होते.

खात्री करायची तर आधी तारखा जुळवा: भरती, तुकडीत रुजू होणं, ती लढाई, सुटका. बहुतेक थापा इथेच उघड्या पडतात. पुढची पायरी म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुईसचं नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर, जिथे माजी सैनिकांच्या सेवेच्या फाइली असतात. सेवा संपून 62 वर्षं झाली की फाइल सगळ्यांना खुली होते, आणि नामवंतांची मृत्यूनंतर 10 वर्षांनी. स्टँडर्ड फॉर्म 180 भरून मागता येते. अडचण एकच, जुलै 1973 च्या आगीत 1912 ते 1960 दरम्यान सुटलेल्या भूसेनेच्या लोकांच्या सुमारे 80 टक्के फाइली जळाल्या. महायुद्धातलं विमानदळ तेव्हा भूसेनेचाच भाग होतं, त्यामुळे वैमानिकांच्याही गेल्या. नौदल आणि मरीनच्या वाचल्या. तेव्हा फाइल मिळाली नाही यावरून माणूस खोटा ठरवू नका. अशा वेळी त्या ग्रुपचे मोहिमेचे अहवाल बघा. त्यात कोणतं विमान, कोण कुठल्या जागी, हे नावानिशी असतं.