समरकंद-बुखारा स्वतः आखताय? आधी एवढं ठरवा

पहिल्याच फेरीत मध्य आशियातले चार-पाच देश कोंबू नका. फक्त उझबेकिस्तान घ्या: ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा. आठ-नऊ दिवसांत निवांत जमतं, आणि टूर कंपनीशिवाय नक्की जमतं.

नवखे हमखास चुकतात ते खिवापाशी. नकाशावर ते बुखाऱ्याच्या शेजारी वाटतं, पण मध्ये किझिलकुम वाळवंट आहे, अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात जाऊन येणं विसरा. ताश्कंदहून विमानाने खिव्याजवळचं उर्गेंच शहर गाठा, आधी खिवा पाहा, मग रेल्वेने बुखारा, समरकंद करत परत या. उलटसुलट धावपळ वाचते.

बाकी थोडक्यात:

- एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैत पारा चाळिशी गाठतो.
- अफ्रोसियाब या वेगवान गाडीची तिकिटं लवकर संपतात. विक्री सुरू होताच काढा.
- हॉटेलात मिळणारी नोंदणीची चिठ्ठी देश सोडेपर्यंत जपा.
- शाकाहारी असाल तर पुलाव मागवू नका, त्यात मांस असतंच. नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, भोपळ्याचा सोमसा (तिथला भट्टीत भाजलेला समोसा) मिळतो. सोमशात चरबी आहे का, तेवढं विचारा.

समरकंदला मात्र दोन रात्री हव्यातच. रेगिस्तान चौक सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर पुन्हा पाहा. तैमूरचा नातू उलुगबेग याचा मदरसा 1420 चा, समोरचा शेरदोर मदरसा त्यानंतर दोनशे वर्षांनी बांधलेला. त्याच्या कमानीवर वाघ आहेत आणि वाघांच्या पाठीवर माणसाचा चेहरा असलेला सूर्य. घाईत लोक खालूनच फोटो काढून निघून जातात. तुम्ही थांबा, मान वर करून नीट बघा.