शो लाइनची लॅब्राडॉर शूटवर काम करेल का? आमची करते.

तुमच्या शेजाऱ्याने शो लाइनचं एक तरी कुत्रं स्वतः शिकवून पाहिलंय का, एवढं आधी विचारून या. बहुतेक नसेल.

इतरांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ डर्बीशायरला राहतात. घरात नऊ महिन्यांची काळी लॅब्राडॉर मादी आहे, आई-बाप दोन्ही शो लाइनचे, म्हणजे प्रदर्शनांसाठी जोपासलेल्या वंशाचे. तिला घेऊन हिवाळ्यात शूटवर, म्हणजे बंदुकीने पक्षी टिपायच्या शिकारीवर, पिकिंग-अपला, म्हणजे पडलेले पक्षी गोळा करायला जायचंय. शेजारी म्हणतो, हे सोफ्यावरचं कुत्रं आहे, वर्किंग लाइनचं, म्हणजे कामासाठी जोपासलेल्या वंशाचं, दुसरं पिल्लू घ्या.

दुसरं पिल्लू घेऊ नका. पिकिंग-अपला हीच चालेल. ओपन फील्ड ट्रायल (शिकारी कुत्र्यांच्या कामाची स्पर्धा) जिंकायची हौस असेल तर मात्र शेजारी बरोबर आहे, तिथे शो लाइनचं कुत्रं नेणं म्हणजे एंट्री फी दान करणं.

मी मूळचा देवरुखचा, बरीच वर्षं नॉर्थ यॉर्कशायरमध्ये. बंदूक हातात धरत नाही, धरायची इच्छाही नाही. लीड्सच्या मराठी मंडळींत माझ्यावर ‘पक्षी मारायला जातो’ असा शिक्का बसलाय. पक्षी मी गेलो नाही तरी पडणारच. जखमी होऊन झाडीत तडफडत राहू नयेत म्हणून मागे कुत्रेवाले उभे करतात, हे दर दिवाळीला सांगून झालंय. सांगून होईपर्यंत त्यांचं तंदुरी चिकन आलेलं असतं. असो.

आमची चिंगी पिवळी मादी. कागदावरचं नाव लांबलचक आहे, ते फक्त शोच्या कॅटलॉगमध्ये छापून येतं. चार पिढ्यांत वर्किंग रक्त औषधालाही नाही. ज्या बाईंकडून घेतली त्यांच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत ‘ड्युअल पर्पज’ असं होतं, म्हणजे रिंगणातही चालणार आणि रानातही. मी विचारलं, यातलं रानात कोण गेलंय? बाई म्हणाल्या, लॅब्राडॉरच्या रक्तातच असतं ते, वेगळं सिद्ध कशाला करायचं? आणि लगेच पुढे, ‘रिंगणातलं सगळं उरकेपर्यंत हिला काट्याकुट्यात घालू नका हं, तोंडावर ओरखडे दिसतात.’ या दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ कसा घालायचा, हे मी त्यांना तेव्हाही विचारलं होतं आणि आजही विचारतोय.

आता जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारचं सांगतो. शनिवारी शूट होतं, जमीन दगडासारखी गोठलेली. कीपर (इस्टेटीवरचे पक्षी आणि शूट सांभाळणारा) आम्हा पिकिंग-अपवाल्यांना जागा वाटून देत होता. चिंगीकडे बघून म्हणाला, ‘हिला ख्रिसमस मानवलेला दिसतोय.’ माझ्या शेजारी फील्ड ट्रायलवाले एक गृहस्थ होते, दोन सडपातळ काळे कुत्रे घेऊन. ते खूश होऊन हसले.

तिसऱ्या ड्राइव्हला (झाडीतले पक्षी उठवून बंदुकांकडे हाकायची एक फेरी) एक नर फेझंट, कोंबड्याएवढा रानपक्षी, पंखात छर्रे लागून ओढ्यापलीकडे पडला आणि उठून पळत सुटला. पळणारा पक्षी हीच आमची खरी परीक्षा. मेलेला पक्षी उघड्यावरून कुणीही आणतं, माझा मुलगाही आणतो. काळा कुत्रा आधी सोडला. बाणासारखा गेला, पक्षी पडला होता तिथे पिसांवरून दोन फेऱ्या मारल्या आणि तिथून जो सुटला त्याने पुढचं अख्खं शेत पालथं घातलं. मालकाने शिट्ट्या मारमारून शेवटी परत बोलावला.

मग मी चिंगीला सोडलं. ती ओढ्यात शिरली. जानेवारीतलं ते पाणी, पण आतल्या लोकरीसारख्या केसांमुळे कातडीपर्यंत ते पोचतच नसावं. पिसांपाशी थांबली, नाक जमिनीला. शेपूट आधी संथ, मग मुळापासून गोल फिरायला लागली. ही खूण दिसली की मी शिट्टी तोंडातून काढून खिशात टाकतो, आता आपलं काही काम नाही. वाटेत कोकणातल्यासारखा सुक्या दगडांचा गडगा होता. काळ्याने तो सहज ओलांडला असता. चिंगीने पुढचे पाय वर टाकले, मागचं धूड क्षणभर लोंबकळलं, एक दगड खाली घरंगळला, मग पलीकडे धप्प. (कीपर त्या दगडाकडेच बघत होता. दुपारी मी तो परत बसवला.) पलीकडे वाळून तांबूस झालेले नेचे आणि त्यांना लागून ब्लॅकबेरीची जाळी. ती आत घुसली. बराच वेळ नुसती जाळी हलत होती. बाहेर आली ती तोंडात जिवंत नर घेऊन, त्याची मान ताठ, डोळे टक्क उघडे. माझ्या हातात दिला तेव्हा त्याचं एक पीस चुरगळलेलं नव्हतं. ट्रायलवाले म्हणाले, ‘नाक बरं आहे.’ कंजूष माणूस.

पाचव्या ड्राइव्हनंतर मात्र ती दमली, हे लपवत नाही. काळे कुत्रे संध्याकाळी गाडीत चढतानाही नाचत होते आणि चिंगीला मी मागून ढकलून आत घातली.

दुसऱ्या दिवशी रविवार. इंग्लंडमध्ये रविवारी फेझंट मारायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे काल शूट आणि आज शो अशी सांगड जमते. छोटाच ओपन शो होता. जज बाईंनी डोकं पाहिलं, दात पाहिले, मग पाठीवरून आणि बरगड्यांवरून हात फिरवत कमरेशी आल्या आणि तिथे थांबल्या. वर्गात चार कुत्र्या, आम्ही चौथे. नंतर लिहून दिलेल्या शेऱ्यात डोळ्यांचं कौतुक होतं, कोटचं कौतुक होतं आणि ‘अंगाने अजून भरायला हवी’ असं होतं. रिंगणाबाहेर आमच्या ब्रीडर बाई उभ्या होत्याच. चारचौघांत मला म्हणाल्या, ‘तुम्ही तिला उपाशी ठेवता.’

सोमवारी व्हेटच्या काट्यावर ती २८ किलो भरली. म्हणजे तीच कुत्री, तेच वजन, शनिवारी लठ्ठ आणि रविवारी रोड. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की शो आणि वर्किंग लाइनमधलं निम्मं भांडण रक्ताचं नाहीच, खाण्याच्या भांड्याचं आहे. केनेल क्लब या ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या संस्थेच्या ब्रीड स्टँडर्डमध्ये (जातीच्या ठरलेल्या लक्षणांमध्ये) मादीची उंची ५५ ते ५६ सेंटिमीटर दिलेली आहे, वजनाचा आकडाच नाही. उलट शेवटी स्पष्ट लिहिलंय की एखादा दोष किती गंभीर मानायचा ते ठरवताना कुत्र्याचं आरोग्य आणि त्याचं पारंपरिक काम करण्याची क्षमता विचारात घ्यायची. हे वाक्य जज लोक वाचत नसावेत. त्यात या जातीची भूक. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळजवळ पाव लॅब्राडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच गळालेला असतो, आणि असली कुत्री जास्त भुकेली आणि जास्त जाड असतात. अशा जनावराला रिंगणासाठी ‘भरायचं’, आणि वर म्हणायचं की रक्तात आहे, करेल काम!

पूर्वी असं नव्हतं. लोर्ना, काउंटेस हाउ यांचा ब्रॅमशॉ बॉब १९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षं क्रफ्ट्स या मोठ्या डॉग शोला बेस्ट इन शो ठरला, आणि तोच कुत्रा फील्ड ट्रायल चॅम्पियनही होता. असे दोन्हीकडचे चॅम्पियन ब्रिटनमध्ये लॅब्राडॉरांत उणेपुरे दहा झाले. त्यातले शेवटचे दोघे, स्टेनड्रॉप सायडर आणि नेथ बँजो, दुसऱ्या महायुद्धानंतरचे. त्यानंतर एकही नाही. ट्रायलवाल्यांनी वेग आणि चपळाई निवडत नेली, शोवाल्यांनी डोकं, हाडं आणि केस. दोघांनी आपापलं हवं ते मिळवलं आणि आता दोघं एकमेकांच्या कुत्र्यांना हसतात.

केनेल क्लबने एक पळवाटही ठेवली आहे. तीन वेगवेगळ्या जजांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटं (मोठ्या शोमध्ये जातीतल्या सर्वोत्तम कुत्र्याला मिळणारं प्रमाणपत्र) मिळाली की इतर बहुतेक जातींचं कुत्रं ‘चॅम्पियन’ होतं. गनडॉग, म्हणजे लॅब्राडॉरसारखं शिकारीत साथ देणारं कुत्रं, मात्र १९५८ पासून नुसतं ‘शो चॅम्पियन’ होतं; पुढचा ‘शो’ काढायचा तर कामात उतरून दाखवावं लागतं. बहुतेक लोक तो ‘शो’ जन्मभर मिरवतात.

त्यासाठी शो गनडॉग वर्किंग सर्टिफिकेट असतं. शोमध्ये बऱ्यापैकी बक्षीस मिळालेल्या कुत्र्यांना त्यात उतरता येतं. चिंगीला लहानपणी, अंगाने भरलेली असताना, तसं बक्षीस मिळालं होतं, म्हणून मी तिला उतरवली. फार अवघड नाही ते. बंदुकीच्या आवाजाला बुजता कामा नये, झाडीत शिरून शोध घ्यायला हवा, पोहायला हवं, पक्षी अलगद आणायला हवा. जज पक्षी हातात घेतात, फुंकर मारून पिसं बाजूला करतात आणि अंगठा नि बोटांनी दोन्हीकडच्या बरगड्या चाचपतात. दबलेल्या लागल्या की कुत्र्याने चावला, खेळ खलास. चिंगीच्या पक्ष्याच्या बरगड्या धड होत्या. सर्टिफिकेटचा फोटो मी ब्रीडर बाईंना पाठवला. उत्तर नाही. दोन आठवड्यांनी पाहतो तर वेबसाइटवर ‘ड्युअल पर्पज’च्या खाली चिंगीचा फोटो! ओरखडे पुसून.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. नऊ महिन्यांची आहे, म्हणजे हा सीझन विसरा. हाडं तयार होईपर्यंत उड्या नकोत. बसणं, थांबणं, शिट्टीवर परत येणं आणि डमी (पक्ष्याऐवजी फेकायची सरावाची गुंडाळी) आणणं एवढंच करा. शो लाइनची कुत्री सावकाश असते, आणि पहिल्यांदाच कुत्रं शिकवणाऱ्या माणसाला सावकाशच बरी. ट्रायल लाइनचं तापट पिल्लू नवख्याच्या हातात पडलं की वर्षभरात मालकच पट्ट्याला बांधल्यासारखा त्याच्यामागे धावत असतो.

खरी अडचण पिसांची येते. डमी आनंदाने आणणारी कुत्री पहिल्या पक्ष्याला नाक लावते आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसते. चिंगीनेही तेच केलं. पक्षी थंड झालेला, रक्त न लागलेला घ्या, बायकांच्या जुन्या नायलॉनच्या स्टॉकिंगमध्ये घाला आणि डमीसारखा फेका. जमायला लागलं की स्टॉकिंग काढा. सुरुवातीला फेझंटपेक्षा पार्ट्रिज बरा, तोंडात मावतो. रानकबूतर अजिबात नको. त्याची पिसं सुटून जिभेला चिकटतात आणि कुत्री कायमची नाक मुरडते.

बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, मग शोवाले काही म्हणोत. हिप स्कोअर, म्हणजे मागच्या पायांच्या खुब्यांच्या तपासणीचे गुण, पाहा (० ते १०६, जितका कमी तितका चांगला), एल्बोचाही (पुढच्या पायांच्या कोपरांचा), आणि ईआयसीची डीएनए चाचणी करून घ्या. या आजारात जोरात पळाल्यावर मागचे पाय कोलमडतात. तो वर्किंग लाइनमध्येही भरपूर आहे, तेव्हा ‘वर्किंग म्हणजे निरोगी’ हे शेजाऱ्याचं म्हणणं असेल तर तेही खोडून काढा.

आता थोडं त्याच्या बाजूने. काही शो केनेलांमधली कुत्री खरोखरच कामातून गेली आहेत. नाक आहे पण शोधायची हौस नाही, काटा लागला की माघारी येतात. तुमची मादी डमी शोधताना दुसऱ्याच मिनिटाला मान वर करून तुमच्याकडे बघत असेल, किंवा लांबच्या बंदुकीच्या आवाजानेही थरथरत असेल, तर जबरदस्ती करू नका. दुसऱ्यांची कुत्री काम करताना पाहून सतत कुंईकुंई करणारी कुत्रीही घरीच बरी. ट्रायलमध्ये त्यावर लगेच बाद करतात आणि शूटवर कीपर पुन्हा बोलावत नाही. माझा सगळा अनुभव एका कुत्रीचा आणि एका इस्टेटीचा आहे, हेही धरून चाला.

पुण्या-मुंबईहून कुणी वाचत असेल तर, वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, तेव्हा ‘गनडॉग लाइन’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला सरळ दार दाखवा. लॅब्राडॉरचं नाक कामाला लागलेलं बघायचं असेल तर पोलिसांच्या श्वान पथकाकडे बघा.

कीपरला ऑगस्टमध्येच भेटून घ्या, १ ऑक्टोबरला फेझंटचा सीझन सुरू झाला की त्याला मान वर करायला फुरसत नसते. पहिलं वर्ष बीटरांबरोबर (झाडीतून पक्षी उठवणाऱ्यांबरोबर) स्वतः काठी घेऊन जा, कुत्री घरी ठेवा. दुसऱ्या वर्षी न्या, पण आधी पट्ट्यावर, नुसतं बघायला. आणि चिंगीची पिल्लं मिळतील का असं खाली विचारू नका, तिची नसबंदी झालेली आहे.