‘टू द स्काय किंगडम’ ही चिनी कादंबरी वाचावी का?

या कादंबरीची इतकी स्तुती आणि तितकीच टीका का होते, आणि तिच्यावर बेतलेली मालिका आधी पाहावी की पुस्तक आधी वाचावे, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की पुस्तक जरूर वाचावे आणि आधी वाचावे. मात्र कारणे सांगताना कथानक उघड करावे लागेल, याची कल्पना असू द्या.

थांग छी यांची ही कादंबरी आधी इंटरनेटवर क्रमशः आली, २००९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि २०१६ मध्ये इंग्रजीत उपलब्ध झाली. साधनेच्या बळावर देवत्वाच्या पायऱ्या चढणारे साधक, स्वर्गातील दरबार आणि तेथील मानापमान हे शियानशिया या चिनी अद्भुतकथांच्या प्रकारातील नेहमीचे सामान येथेही आहे. नायिका बाय छ्येन ही छिंगछ्यू या पौराणिक प्रदेशातील नऊ शेपट्यांची श्वेत कोल्हीण आहे. छिंगछ्यू आणि तिथला नऊ शेपट्यांचा कोल्हा ‘शानहाय चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातही भेटतात.

माझ्या दृष्टीने या कादंबरीचे खरे बळ तिच्या निवेदनात आहे. सुरुवातीच्या छोट्या भागात सू सू नावाची एक साधी मर्त्य स्त्री स्वर्गाच्या युवराजाच्या, म्हणजे ये ह्वाच्या, प्रेमापोटी स्वर्गात येते, तिच्यावर खोटा आळ येतो, तिचे डोळे काढून सू जिन या तिच्या स्वर्गातील प्रतिस्पर्धिनीला दिले जातात आणि मुलाला जन्म दिल्यानंतर ती स्वर्गातील कड्यावरून स्वतःला झोकून देते. त्यानंतर निवेदन बाय छ्येनकडे जाते. तीच सू सू होती हे तिला ठाऊक नाही, कारण दुःख सोसवेना म्हणून तिने स्वतःच विस्मृतीचे औषध मागून घेतले होते. आपल्याला दुष्यंत-शकुंतलेची गोष्ट परिचित आहे. तिथे विसरतो तो राजा आणि सोसते ती स्त्री, तर येथे विसरण्याचा हक्क स्त्री बजावते आणि आठवणींचे ओझे पुरुष वाहतो. तीनशे वर्षांनी पूर्व समुद्रातील मेजवानीला आलेल्या, डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेल्या बाय छ्येनला एक लहान मुलगा बिलगतो आणि आई म्हणून हाक मारतो. एक लाख चाळीस हजार वर्षांची ही देवता त्या गैरसमजाचे मिस्किलपणे वर्णन करते, आणि वाचकाचा मात्र जीव कासावीस होतो. तिच्या या बेफिकीर, काहीशा आळशी स्वरामुळेच पुढचे दुःख भडक होत नाही.

उणिवाही गंभीर आहेत. सू जिन ही खलनायिका केवळ मत्सरावर उभी आहे. तिच्या मनात लेखिका कधी डोकावतच नाही. हजारो वर्षे सहज उलटतात, पण माणसे बदलत नाहीत, त्यामुळे काळाला वजन उरत नाही. मला सर्वांत खटकते ते ये ह्वाचे मौन. सू सूला वाचवायचे म्हणून तो तिला काहीच सांगत नाही, आणि तिच्याशी मसलत न करता घेतलेल्या त्याच्या निर्णयांची किंमत तीच मोजते. स्मृती परतल्यावर बाय छ्येन सू जिनकडून आपले डोळे परत घेते, तो प्रसंग उत्तम उतरला आहे. ये ह्वाशी मात्र तिचा हिशेब होतच नाही. ती त्याला भेटायचे नाकारते, इतक्यात युद्ध येते, तो मरतो आणि त्याच्या मरणापुढे तिचा राग अनाठायी वाटू लागतो. तीन वर्षांनी तो जिवंत होऊन परततो तेव्हा विचारण्यासारखे काही उरलेले नसते. त्या दोघांचे एक सडेतोड संभाषण व्हायला हवे होते.

दुसऱ्या एका कादंबरीतून उचल केल्याचा आरोपही चीनमध्ये झाला. लेखिकेने तो नाकारला, तरी अनेक वाचकांच्या मनातून तो गेलेला नाही, आणि टीकेचा मोठा भाग त्यातूनच येतो.

२०१७ मध्ये आलेली ५८ भागांची मालिका देखणी आहे, परंतु ती कथा काळाच्या क्रमाने सांगते. बाय छ्येन पुरुषवेशात गुरुगृही शिकत असल्यापासून आपण तिला पाहत असतो, त्यामुळे सू सू कोण हे आपल्याला तिच्या प्रवेशापासूनच ठाऊक असते. पुस्तकात ते हळूहळू उमगते, म्हणून आधी पुस्तक घ्या, आणि सुरुवातीचा तो छोटा भाग चाळून पुढे जाऊ नका.