टॅरँटुलाच्या पिल्लाला घर केवढं हवं?

प्रश्न : कर्ली हेअर टॅरँटुला या मोठ्या केसाळ कोळ्याचं पिल्लू आणलंय. पाय पसरून जेमतेम दीड सेंटिमीटर भरतं. घरात फूटभर लांबीची काचेची टाकी पडून आहे. त्यातच ठेवू का? (मुलुंड)

उत्तर : टाकी जपून ठेवा, काही वर्षांनी लागेल. आत्ता त्यात पिल्लू तुम्हालाच सापडणार नाही. खाल्लं का, कात टाकली का, काहीच कळणार नाही आणि न खाल्लेला किडा कोपऱ्यात कुजत राहील. 100 ते 150 मिलिलिटरची, घट्ट झाकणाची पारदर्शक प्लॅस्टिकची डबी घ्या. हॉटेलातून चटणी येते तसली चालेल, पण कोरी हवी.

ही जात जमिनीवर राहते आणि बीळ करते, म्हणून निम्म्याहून जास्त डबी कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने भरा. वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळे पुरेत. कोळी भिंतीवर चढतो. पिल्लू हलकं असतं तोवर पडल्याने फारसं बिघडत नाही, पण वाढेल तसं पोट जड होतं आणि तेव्हा पडलं तर ते फुटतं. नर्सरीतलं खत मिसळलेलं कोकोपीट नको. कोकोपीटची साधी वीट भिजवा, पाणी बदलून धुवा आणि पिळा. मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये. मग डबीच्या कडेला लागून पेन्सिलने तिरकं भोक पाडा. पिल्लू बहुधा तिथेच बीळ करेल आणि बाहेरून दिसत राहील.

आता हवा. भोकं फक्त झाकणाला पाडली, तर खालची हवा कोंडते. कोकोपीटच्या पातळीच्या वर, समोरासमोरच्या दोन बाजूंना तापवलेल्या सुईने आठ-दहा भोकं पाडा. सुई आतून बाहेर घाला, म्हणजे धारदार कडा बाहेर राहते. भोक पिल्लाच्या डोक्याकडच्या कडक भागापेक्षा लहान हवं. तो भाग निघाला की मऊ पोट दाबून मागून निघतंच. झाकणाला जाळी लावू नका, तिच्यात नख्या अडकतात.

‘रोज फवारा मारा’ हा सल्ला हीटर लावून कोरड्या केलेल्या परदेशी घरांचा आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. तेव्हा रोज फवारलंत तर पांढरी बुरशी येईल, पाठोपाठ बारीक किडे. कोरड्या महिन्यांत चार-पाच दिवसांनी ड्रॉपरने एकच कोपरा ओला करा, बाकी कोरडं राहू द्या. खिडकीतलं ऊन मात्र डबीवर पडू देऊ नका, थोड्या वेळात आतलं पिल्लू भाजून निघतं.

पाय पसरल्यावर डबीची निम्मी रुंदी व्यापली की अर्धा ते एक लिटरचा डबा घ्या. कात टाकून आठवडाभर झाल्याशिवाय हलवू नका. सुळे पांढरे-लालसर दिसतात तोवर ते मऊ असतात, काळे झाले की चालेल.

आणि हो, ही जात वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे. 2024च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याकडून कागदपत्रं घ्या.

प्रश्न : पिंकटो टॅरँटुलाच्या पिल्लालाही हीच डबी चालेल का? (ठाणे)

उत्तर : नाही. तो झाडावर राहणारा कोळी आहे. उभट डबी, तळाला दोन सेंटिमीटर कोकोपीट आणि सालीचा एक तुकडा तिरका टेकवून उभा. भोकं खालीही आणि वरही. ओल्या, कोंदट डबीत ही पिल्लं अचानक दगावतात, त्यामुळे जाळ्यावर अधूनमधून दोन थेंब पाणी पुरे.

प्रश्न : डबीत लाल मुंग्या शिरतात. खडू ओढला तर? (परळ)

उत्तर : खडू अजिबात नको! मुंग्यांचा खडू, झुरळांचा फवारा, डासांची लिक्विड मशीन, या सगळ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं आणि ते कोळ्यालाही मारतं. सपाट ताटलीत पाणी घाला, मधे वाटी उपडी ठेवा आणि तिच्यावर डबी. पाण्यावर धुळीचा तवंग आला की मुंग्या त्यावरून चालत जातात, म्हणून पाणी दोन दिवसांनी बदला. किड्याचा उरलेला पाय, पंख दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढा, मुंग्या त्याच्याच वासाने येतात. डास मारण्याचं मशीन त्या खोलीत लावूच नका, मच्छरदाणी वापरा. आणि सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल, त्या दिवशी डबी दुसऱ्याच घरी ठेवून या.