‘दुर्दम’ म्हणजे कॅन्सरच का?

म्हापशाचे एक वाचक इस्पितळाच्या नोंदींना रोगांचे कोड लावण्याचे काम करतात. टी ८८.३ या कोडचे नाव आहे ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया ड्यू टू अनॅस्थेशिया’. रुग्णाच्या घरच्यांसाठी त्यांनी मराठीत ‘भुलीमुळे दुर्दम अतिताप’ असे लिहिले, तर घरचे घाबरून म्हणाले, “कॅन्सर निघाला काय?” शब्द चुकला का, असे ते विचारतात.

व्युत्पत्तीने पाहिले तर नाही. दुर्दम म्हणजे ज्याचे दमन करणे कठीण ते, आणि हा प्रकार तसाच आहे. काहींच्या स्नायूंमध्ये जन्मतः दोष असतो. हॅलोथेन, सेव्होफ्लुरेन यांसारखे भुलीचे वायू किंवा सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारे औषध मिळाले की स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम बेसुमार सुटते, स्नायू ताठरतात, अंग तापत जाते. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. डॅन्ट्रोलीन द्यावे लागते. १९६० साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी अशा एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातल्या दहा जणांचा ईथरची भूल घेताना मृत्यू झाला होता.

पण व्युत्पत्ती वाचून कोणी घाबरत नाही, घाबरतो तो रूढ अर्थाने. मराठीत ‘दुर्दम’ आता गाठीला चिकटला आहे, तो सोडवणे आपल्या हातात नाही. मी ‘घातक’ लिहीन. ‘अतिताप’ चालेल, जरी ताप हे इथले पहिले लक्षण बहुधा नसते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आधी वाढतो. घरच्यांशी कोंकणीत बोलताना मात्र ‘जोर’ (म्हणजे ताप) म्हणू नका. त्यांना मलेरियाचा जोर आठवेल, आणि हा तसा नव्हे.

माझी खरी हरकत ‘भुलीमुळे’ला आहे. भूल म्हणजे बधिरता, तशीच भूल म्हणजे चूकही. ‘भुलीमुळे घातक अतिताप’ वाचून एखादा भाऊ थेट वकिलाकडे जायचा! ‘भुलीच्या औषधामुळे’ असे चार अक्षरे जास्त खर्चून लिहा. (‘कोड’ही जपूनच, पांढऱ्या डागांनाही आपण कोडच म्हणतो. मी ‘संकेतांक’ लिहितो, बोलताना कोडच म्हणतो.)

तर टिपणात: ‘भुलीच्या औषधामुळे होणारा घातक अतिताप, संकेतांक टी ८८.३’. आणि खाली एक ओळ घाला, की रक्ताच्या नातेवाइकांनी पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हे आधी सांगावे.