बोर्डावर १८ रुपये, वॉलेटमधून ६५१

प्रश्न : मी कराडचा. साताऱ्याजवळ महामार्गावर गाडी चार्ज केली. बोर्डावर आणि ॲपमध्ये दर १८ रुपये युनिट. २४ युनिटचे ४३२ व्हायला हवेत, कापले ६५१.३६. बिलात ‘आयडल ३० मिनिटे’ असं काहीतरी आहे. गाडीच्या स्क्रीनवर तर २२ युनिटच दिसतात. दाद मिळेल का?

उत्तर : आधी बिल फोडू. ४३२ वर १८ टक्के जीएसटी ७७.७६. राहिले १४१.६० : चार्जिंग संपल्यावरही गन (चार्जरचा प्लग) गाडीला लागलेली राहिली म्हणून मिनिटाला ४ रुपयांनी १२० (हेच आयडल शुल्क), त्यावर जीएसटी २१.६०. बेरीज चुकलेली नाही. भांडण आहे ते हे आकडे तुम्हाला कधी दाखवले यावर.

२२ युनिटांचा मुद्दा सोडून द्या. थोडी वीज बॅटरी गार ठेवण्यात आणि उष्णतेत जाते. त्यावर भर दिलात तर चांगली बाजूही लंगडी पडेल.

लावलेल्या दरपत्रकापेक्षा किंवा ठरल्यापेक्षा जास्त आकारणी हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार थेट तक्रारीचं कारण आहे. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत किमतीचा भाग आधी न सांगता नंतर चढवणं, म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’, मना आहे. मात्र ‘स्टार्ट’ दाबण्याआधीच्या स्क्रीनवर ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलेलं असेल, तर त्या ७७.७६ चा नाद सोडा. आयडल शुल्काचं तसंच : दर आधी दिसत होता का, चार्जिंग संपल्याचा मेसेज किती वाजता आला, गन किती वाजता काढली, या वेळा बिलाशी ताडून पाहा.

आजच ॲपच्या दराच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या; कंपन्या ही पानं गुपचूप बदलतात. बोर्डाचा फोटो, सेशन क्रमांक, जीएसटी बिल, वॉलेटची नोंद एकत्र ठेवा. कंपनीला ईमेल करून १५ दिवसांची मुदत द्या, सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. एवढ्यावर बरीच प्रकरणं मिटतात. नाही मिटलं तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. ॲपच्या अटींत ‘वाद फक्त बेंगळुरूत’ असलं तरी घाबरू नका, ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते.

परतावा वॉलेटमध्ये नको, बँक खात्यात हवा, हे ईमेलमध्येच लिहा.